मिरवणुकीपुरता पाटा

आप्पा, काकांची मालाची गाडी परत आपल्या दारात आली होती. तुम्ही गेल्यापासून ती या बाजूला फिरकली नव्हती, त्यामुळे रविवारी सकाळी तो जुना हॉर्न ऐकला तेव्हा आईच्या हातातलं पीठ तसंच परातीत राहिलं. नात्यानं काका आपले कुणी नाहीत. तुम्ही दोघं निपाणीत एकाच गल्लीत वाढलात, दोघांच्याही आया तंबाखूच्या वखारीत कामाला होत्या, पुढं एकानं स्टेअरिंग धरलं आणि एकानं हातोडा, एवढंच नातं. पण काकांनी कुठल्याही गावाहून येताना गाडी पहिल्यांदा तुमच्यासमोर उभी करायची आणि तुम्ही हातातलं काम टाकून तिच्याभोवती एक फेरी मारायची, हे मी कळायला लागल्यापासून बघितलेलं. त्यामुळं दुकानाचं शटर बंद असूनही त्यांनी गाडी नेमकी तिथंच आणून लावली, अगदी पूर्वीसारखी, आणि खाली उतरून शटरकडं बघत उभे राहिले.

गाडी डावीकडं कलली होती. कडेवर पोर घेतलेली बाई उभी राहते ना, तशी. मी मच्छेच्या कारखान्यातून शनिवारी संध्याकाळी घरी येते आणि रविवार आईचा असतो, त्यामुळं अंगात घरातलेच कपडे होते. तशीच बाहेर गेले. काका म्हातारे झालेत, आप्पा. मिशा पार पांढऱ्या. मला म्हणाले, "पोरी, तू इंजिनेर झालीस म्हणं." मी म्हटलं, झाले की काका. "मग ह्या म्हातारीचं बघ जरा. बेळगावात दोन गॅरेजला दाखवून आलो. दोघंबी म्हणत्यात, चेसिस पिळलंय, काय उपयोग न्हाय, मोडीत घाल. भंगारवाला तर रोज फोन करतोय, कोडतीरा, कोडतीरा म्हणून. देताय का, देताय का. जणू पोरगीच मागतोय." मी विचारलं, मग द्यायची ठरवलीय का? त्यांनी टपावरची धूळ हातानं पुसली आणि म्हणाले, "उद्या येणार हाय त्यो. म्हटलं त्याच्याआधी तुझ्या बाच्या दारातनं एकदा काढावी."

गाडी गेली की ते दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून चढणार होते, या वयात. आणि अजून एक गोष्ट त्यांनी चहा पिता पिता सांगितली, ती त्यांना जास्त लागलेली दिसली. जयंतीच्या मिरवणुकीला दरवर्षी त्यांचीच गाडी असते, हे तुम्हाला मी काय सांगायचं. पण मागच्या वेळी बाबासाहेबांची तसबीर एका बाजूला झुकायला लागली म्हणून पोरांनी ती दोरखंडानं आवळून बांधली, आणि यंदा मंडळाच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, काकांची गाडी नको, दुसरी बघू. "मी मागं बसलोतो," काका म्हणाले. "ऐकलं. खोटं कुठं बोलत हुतं पोरगं?"

चेसिस खरंच पिळलं असेल तर कुणाच्याच हातात काही नव्हतं, हे मला माहीत होतं. पण नुसतं डोळ्यानं बघून तसं म्हणायची तुम्ही मला कधी मुभा दिली नाही. मी शाळेतून आले की दप्तर तेलाच्या डब्यांवर ठेवून तुमच्याजवळ उकिडवी बसायची. एकदा अशीच कललेली एक गाडी आली होती आणि मी मोठ्या ऐटीत चाकावरच्या लोखंडी पट्ट्यांच्या चळतीकडं बोट दाखवून म्हटलं होतं, डावा पाटा बसलाय. तुम्ही माझं बोट धरून खाली केलंत. "गाडी वाकलीय तिथं बघू नको. उभी हाय तिथं बघ." आणि मग मला जमीन बघायला लावलीत, मग चाकं, मग हवा, मग कुठं पाटे. आपल्या दुकानाची फरशी तुम्ही गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं मापून घातली होती, चारही चाकांच्या जागी सारखी. आई म्हणायची, घरातली चूल वाकडी हाय आणि ह्यांची फरशी सरळ. त्या दिवशी खरं म्हणजे उजव्या बाजूचा पुढचा पाटा ताठ होता, म्हणून मागून गाडी डावीकडं कललेली दिसत होती. तुम्ही मला रागावला नाहीत. नुसतं माझं बोट आणि तो पाटा, दोन्हीकडं आळीपाळीनं बघून हसलात, ते जास्त झोंबलं.

पाट्यांची रचना मी शिकले मात्र दुकानात नव्हे, स्वयंपाकघरात. तुम्ही जेवायला बसला होता, मी विचारलं की एवढ्या जाड लोखंडाला स्प्रिंग का म्हणतात. तुम्ही टोपलीतल्या आदल्या दिवशीच्या वाळक्या भाकऱ्या काढल्यात, कडा वर वळलेल्या, आणि एक अख्खी, तिच्याखाली जरा मोडून लहान केलेली, तिच्याखाली अजून लहान, अशी चळत माझ्या तळहातावर रचलीत. "आता वरनं दाब." मी दाबलं. वाकल्या सगळ्या, पण मोडली एकही नाही. "एकटी असती तर मोडली असती. सगळ्या मिळून थोडंथोडं सोसत्यात." आई तव्यावरून ओरडली, "अन्न हाय ते! गॅरेज न्हवं!" तुम्ही गुपचूप ती सगळी चळत दुधात कुस्करून खाल्लीत. पुढं कॉलेजात सरांनी फळ्यावर तीच आकृती काढली, सूत्रं लिहिली, आणि मला इतकं बरं वाटलं की बस. सूत्रं मला आवडली. तुम्हाला दाखवायची होती. भाकरी किती वाकेल ते आधीच कळतं, असं सांगायचं होतं.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते तुमचं एक बोलणं. कुणीही घाईतला ड्रायव्हर यायचा आणि म्हणायचा, मिस्त्री, कलल्या बाजूला एक पाटा वाढवा की, झालं सरळ. तुम्ही पान्हा खाली ठेवून म्हणायचा, "तू लंगडत आलास तर तुझ्या एका चपलेला जाड टाच ठोकू काय? आधी पाय बघू दे की." कितीतरी जण चिडून पुढच्या गॅरेजला गेले. मी तेव्हाच ठरवलं होतं की मोठी झाल्यावर मी पण असंच वागणार. आणि वागते, आप्पा. मच्छेला मी तयार झालेले भाग तपासते, आणि जरा जरी मापाबाहेर असला तरी परत पाठवते. पोरं माझ्यामागं म्हणतात, मॅडमच्या डोळ्यातच गेज बसवलंय. म्हणू देत. एकजण काकुळतीनं म्हणाला होता, मॅडम, आजच्यापुरतं जाऊ द्या. मी त्याला तुमची चपलेची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, तुमचे वडील लई कडक होते वाटतं. मी अभिमानानं म्हटलं, होते.

तर रविवारी मी शटर उघडलं. आई रोज आत झाडते, भाड्यानं द्यायला तयार नाही, आणि का नाही ते सांगत नाही. काकांनी गाडी फरशीवर घेतली. मी चाकांची हवा बघितली, कमीजास्त होती ती सारखी करून घेतली. मग मला कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही दिलेला स्टीलचा टेप काढला. वर्गात बाकीच्यांना घड्याळं मिळाली होती आणि मला टेप, म्हणून मी तेव्हा थोडी हिरमुसले होते. आता तो पर्समध्येच असतो. गाडीखाली सतरंजी टाकून सरकले आणि ॲक्सलपासून चेसिसपर्यंतचं अंतर मोजलं, आधी उजवीकडं, मग डावीकडं.

डावीकडं जास्त भरलं.

मी परत मोजलं. जी बाजू खाली गेली म्हणून सगळे ओरडत होते, तीच बाजू खालून उंच होती. बाहेर येऊन बॉडीचे कोपरे जमिनीपासून मोजले, तर डावा कोपरा खाली. म्हणजे खालून गाडी उजवीकडं कललेली आणि वरून डावीकडं. काका माझ्या तोंडाकडं बघत होते. म्हणाले, "काय गं? तोंड का तसं झालं?" मी म्हटलं, काका, थांबा जरा. बेळगावच्या मिस्त्र्यांनी चेसिस पिळलंय का म्हटलं ते मला आता समजलं. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. मग मी दोन्हीकडचे मागचे पाटे मोजले. डावीकडं एक जास्त होता.

"एक गॅरेजवाला म्हणालाच हुता," काका म्हणाले, "कुणा गाढवानं पाट्यांचा खेळ केलाय म्हणून."

तो जास्तीचा पाटा मी डिझेलच्या फडक्यानं पुसला, तारेच्या ब्रशनं घासला. चिखल आणि गंज निघाला, आणि टोकाजवळ दोन ठिपके दिसले, शेजारी शेजारी, पंचानं मारलेले. आप्पा, तुम्ही बसवलेल्या प्रत्येक पाट्यावर ते असायचे. कुणी तक्रार घेऊन आला की तुम्ही आधी ठिपके शोधायचा, आणि सापडले की म्हणायचा, माझंच लेकरू हाय, आण आत. मी गाडीखाली तशीच पडून राहिले. वर काकांचे पाय येरझाऱ्या घालत होते. ते गाढव तुम्ही होता.

मग मला ती दुपार आठवली, तुम्ही गेलात त्याच्या थोडेच दिवस आधीची. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, जयंतीसाठी घरी आलेय. दुसऱ्या दिवशी मिरवणूक. काका गाडी घेऊन येतात, ती थोडीशी डावीकडं कललेली आहे, फार नाही, पण वर तसबीर ठेवली की गटारीकडं झुकलेली दिसणार. तुम्ही गाडीखाली जाता. बराच वेळ येत नाही. बाहेर येता आणि नुसतं वर बॉडीकडं बघत राहता. मी चहा घेऊन उभी आहे. तुम्ही काकांना म्हणता, "जा, तू पताका आन् फुलं घेऊन ये. गाडी राहू दे." आणि मला म्हणता, "तूबी जा ह्यांच्यासंगं." आम्ही परत येतो तेव्हा गाडी सरळ उभी आहे. काका खूश. तुम्ही हात पुसत म्हणता, "जयंती झाली की गाडी घेऊन ये रं. विसरू नको." तुम्ही हसत नाही आहात. मला तेव्हा वाटलं, दमला असाल.

तुम्ही त्या दिवशी मापं घेतली असणार. पाटे सारखे होते, चेसिस सरळ होतं, म्हणजे दुखणं त्याच्याही वर होतं हे तुम्हाला कळलं असणार. पण गल्लीतला सुतार मंडप घालायला गेलेला, सगळी दुकानं बंद, आणि सकाळी मिरवणूक. म्हणून तुम्ही आयुष्यभर ज्याला नाही म्हणत आलात तेच केलंत. चपलेला जाड टाच ठोकलीत. एका दिवसापुरती. आणि आम्हा दोघांनाही बाहेर पाठवून.

मी बाहेर आले आणि काकांना ठिपके दाखवले. न दाखवता पाटा काढून टाकता आला असता, तसं क्षणभर मनातही आलं, कारण तुमचं नाव. पण मग तुमचंच काम सुधारताना मी तुमच्यासारखी वागले नसते. काका वाकले, चष्मा नाकावर सरकवला, ठिपक्यांवरून अंगठा फिरवला आणि मटकन तेलाच्या डब्यावर बसले. "आयला. म्हंजे त्येच्यासाठी बोलवत हुता व्हय," ते म्हणाले. "गाडी घेऊन ये, गाडी घेऊन ये. मला वाटलं च्याला बोलवतोय. नेहमीसारखा. म्हटलं जाऊ निवांत." मग त्यांनी डोळे पुसले आणि एकदम खवळून म्हणाले, "आन् मी त्या बेळगाववाल्यासमोर मान हलवली की गं! गाढवानं केलंय म्हटल्यावर व्हय व्हय म्हणालो!" मला हसू आलं. आईलाही आलं, ती केव्हा दारात येऊन उभी राहिली होती कळलंच नाही.

काकांनी जॅक लावला, पान्ह्याला पाइप जोडून गंजलेल्या नटांना हिसडे दिले, मी खालून पाटा मोकळा केला. तो जड होता, आप्पा. गाडी परत चाकांवर उतरवली आणि मोजलं, तर ॲक्सलपासून चेसिस दोन्हीकडं सारखं भरलं. काका मागं जाऊन बघतात तर बॉडी पहिल्यापेक्षाही जास्त डावीकडं कललेली. "अगं हे तर आनखी पडलं!" मी म्हटलं, पडू दे. आता ती खरं बोलायला लागलीय. मला जो आनंद झाला होता तो मी त्यांना समजावू शकले नसते. चेसिस आणि बॉडी यांच्यामध्ये लाकडाची जी लांब पट्टी असते, तिच्यात मी डावीकडून पेचकस टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला, चहात बुडवलेल्या खारीत जावा तसा.

आता त्या लाकडाला काय झालं ते ऐका. काका गाडी घराच्या भिंतीला अगदी खेटून लावतात, नेहमी एकाच जागी, डावी बाजू घराकडं. पावसात पत्र्यावरच्या सगळ्या पागोळ्या त्याच बाजूवर पडतात. मी म्हटलं, काका, जरा लांब लावायची की. ते ओशाळले. "तुझी काकी न्हवं का. खिडकीतनं गाडी दिसली तरच तिला मी घरात हाय असं वाटतं. गाडी लांब लावली की रात्रभर उठून बघती." इतकी वर्षं गाडी त्या खिडकीपाशी उभी राहून भिजत होती. आई म्हणाली, "पत्र्याला पन्हळ लावा की वो. गाडी राहू दे तिथंच." हे ना तुमच्या डोक्यात आलं असतं ना माझ्या.

भंगारवाल्याला काकांनी माझ्यासमोरच फोन लावला आणि कन्नडमध्ये एवढं लांबलचक काहीतरी सांगितलं की तो तिकडून हसत असल्याचं मलाही ऐकू आलं. मी कारखान्यातून रजा काढली, नोकरी लागल्यापासूनची पहिली. सुताराला बोलावून दोन्हीकडची पट्टी नवी घातली, एकच जुनी आणि एक नवी नको म्हणून. गाडी फरशीवर सरळ उभी राहिली तेव्हा काका तिच्याभोवती फेरी मारून आले, अगदी तुम्ही मारायचा तशी, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पंच हाय का तुझ्याकडं? मार की ठिपके." मी नाही मारले. पाटा मी बसवला नव्हता, काढला होता.

तो काढलेला पाटा दुकानातच आहे. इतके दिवस मी लोकांना सांगत आले की माझ्या वडिलांनी कधी आजच्यापुरतं काही केलं नाही. आता तसं सांगता येणार नाही. पण मला वाईट वाटलं नाही, आप्पा, उलट तुम्ही जरा जवळ आल्यासारखे वाटलात. तुम्ही ते केलंत आणि लगेच परत बोलावलंत. तुम्हाला फक्त दिवस पुरले नाहीत. मच्छेच्या त्या पोराला परवा मी भाग परतच दिला, पण बसून त्याच्याबरोबर तो नीटही करून घेतला. पूर्वी नुसता परत दिला असता.

काल मिरवणूक झाली. मंडळाच्या पोरांनी काकांचीच गाडी घेतली. तुम्हाला आठवतं ना, आई दरवर्षी मला सांगून तुम्हाला चिडवायची, "समदी वर बघून हात जोडत्यात आन् तुझा बा खाली बसून चाकाकडं बघतोय." मी तुमच्या खांद्यावर असायची आणि तुम्ही बसलात की माझंही सगळं दिसायचं बंद व्हायचं, मी तुमचे केस ओढायची. काल कोपऱ्यावर मी आईजवळ उभी होते. निळे झेंडे आले, लेझीम आलं, मग गाडी. वर तसबीर ताठ, एकही दोरखंड नाही. आजूबाजूला सगळ्यांचे हात वर गेले, जय भीमचा एकच आवाज झाला. गाडी पुढं गेली. तेवढ्यात आईनं माझ्या दंडाला धरून ओढलं आणि म्हणाली, "ऊठ गं, लोक बघत्यात."

मी रस्त्याच्या कडेला उकिडवी बसले होते, मागच्या डाव्या चाकाकडं बघत. हात जोडायचे राहूनच गेले. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगणार, म्हणून लिहिलं.